आत्यांचं कोरडं टेबल

माझ्या सासूबाईंना घरी मी आई म्हणते आणि कारखान्याचं फाटक ओलांडलं की आत्या. इस्त्री खात्यातल्या सगळ्याच बायका त्यांना आत्या म्हणतात. मॅनेजरसाहेबही म्हणतात, आणि ते वयाने त्यांच्याहून फार लहान नाहीत. माझं लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या होत्या, ‘घरी सासू, कामावरही सासू, तुझी काही धडगत नाही.’ मी म्हटलं, बघू या, मीही पडतं घेणाऱ्यातली नाही.

आमचा कारखाना शर्टांचा. शिवलेले शर्ट धुलाई खात्यातून वर येतात, मग इस्त्री, आणि जाळीच्या पलीकडे आमचं पॅकिंग. मी घड्या घालते, कॉलरखाली पुठ्ठा सरकवते, पिशवीत भरते. जाळीतून मला इस्त्री खातं सगळं दिसतं. अगदी समोर आत्यांचं टेबल. वर पट्टीला लोंबणारी इस्त्री, तिला वाफेची नळी, खाली पेडल. पेडल दाबलं की टेबल वाफ खाली ओढून घेतं आणि शर्ट टेबलाला चिकटून बसतो. आधी कॉलर, मग खांदा, मग कफ, बाह्या आणि शेवटी पुढचे पल्ले. कॉलर नेहमी टोकाकडून मधे दाबायची. कुणी मधून टोकाकडे गेली की आत्या आपल्या जागेवरूनच ओरडायच्या, ‘अगं, ती कॉलर आहे, पायपुसणं नव्हे!’ त्यांना डोक्यामागेही डोळे आहेत असं सगळ्या म्हणायच्या. मी त्यांच्याच घरात राहते, मला माहीत आहे, आहेतच.

पांढऱ्या शर्टाचं एक असतं. इस्त्री झालेल्या कापडावर घामाचा थेंब पडला की वाळताना पिवळसर कडं उमटतं. मग त्या शर्टाला टेबलाचा नंबर लिहून चिठ्ठी लागते आणि तो पुन्हा धुलाईला जातो. आत्यांच्या नंबरची चिठ्ठी धुलाई खात्याने कधी पाहिली नव्हती. याचं कारण त्यांचा हात, आणि दुसरं कारण त्यांचं कोरडं टेबल.

कोरडं टेबल म्हणजे कामाची पाळी सुरू झाल्यापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाणी प्यायचं नाही. जेवताना दोन घोट, मग पाळी संपेपर्यंत पुन्हा नाही. पाणी पोटात गेलं की घाम होऊन शर्टावर येतं, हे आत्यांचं शास्त्र. शिवाय बायकांचं बाथरूम अंगणाच्या पार पलीकडे. जाऊन येईपर्यंत टेबलावर शर्टांचा डोंगर. कंपनीने असा नियम कधी केला नव्हता. उलट ‘भरपूर पाणी प्या’ असा फलक भिंतीवर होता, आणि त्या फलकाच्या बरोबर खाली आत्यांचं टेबल! नवी बाई आली की आत्या तिच्या हातात इस्त्री देण्याआधी तिची बाटली काढून घ्यायच्या. सुरुवातीला ती बाई कुरकुरायची. महिन्याभरात तीच जेवताना मिरवायची, ‘आज सकाळपासून थेंब नाही घेतला.’ आमच्याकडे हा मान होता. ज्या बाईला पाण्यावाचून जमत नाही ती कच्ची.

या मानात सगळ्यात पुढे होती वेणी. तिची वेणी इतकी लांब की इस्त्रीखाली येऊ नये म्हणून ती कमरेला खोचून ठेवायची, म्हणून तिचं नाव वेणी. आत्यांची लाडकी. कॉलर तर अशी काढायची की आत्याही थांबून बघायच्या. ‘माझ्यानंतर हे टेबल हिचं,’ असं त्या माझ्यासमोर म्हणायच्या, आणि मला थोडा मत्सर वाटायचा, खोटं कशाला बोलू. दोन उन्हाळ्यांपूर्वी वेणी काम सोडून गेली. तब्येत बरी नसते एवढंच कळलं.

हे कोरडं टेबल आत्यांनी सुरू केलं तेव्हा दिवस वेगळे होते, हे मान्य करायला हवं. उन्हाळा यायचा, जायचा. रात्री अंगावर पांघरूण लागायचं, दिवसभराचा ताप रात्रीत उतरायचा. आता उन्हाळा लवकर येतो आणि जायचं नाव घेत नाही. रात्रीसुद्धा भिंती गरमच. भिंतीपलीकडे बॉयलर, डोक्यावर पत्रा, समोर वाफ, आणि पंखे तीच हवा इकडून तिकडे ढकलतात. गंमत बघा, कामही उन्हाळ्यानेच वाढवलं. आमचे शर्ट जातात त्या थंड देशांतही म्हणे आता उकडतं. तिकडच्या लोकांना पातळ, सुती शर्ट हवेत, तेही लवकर हवेत. म्हणजे त्यांना गार वाटावं म्हणून आम्ही ऐन उन्हाळ्यात वाफेसमोर उभ्या. माझा नवरा आमच्याच कारखान्याचे कंटेनर ट्रकने बंदरावर नेतो. तो सांगतो, दुपारी क्रेनवरची माणसंही आता काम थांबवतात, केबिनमध्ये बसवत नाही. मग ट्रकांची रांग लागते, आणि रांग लागली की बंदरातून साहेबांना फोन, साहेबांचा सुपरवायझरला ओरडा आणि सुपरवायझरचा इस्त्री खात्याला. एकाचा चटका दुसऱ्याला, असा तो आमच्या टेबलापर्यंत येतो. जहाज चुकलं तर माल विमानाने पाठवायचा, आणि तो भुर्दंड कारखान्याचा. साहेब वाईट माणूस नाहीत, पण त्या दिवसांत त्यांचा चेहरा बघवत नाही.

अशाच एका घाईच्या दुपारी आत्यांनी अर्धा शर्ट केला, इस्त्री हुकाला लावली आणि खाली बसल्या. मी जाळीतून पाहिलं. आत्या पाळीत कधी बसत नाहीत. मी हातातला पुठ्ठा टाकून धावले. पायात गोळे आलेले, ओठ पांढरे, अंग तापलेलं आणि घाम मात्र नाही. ‘शर्ट उचल आधी, सुरकुती पडेल,’ एवढंच बोलल्या.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाई दमलेल्या होत्या, पण बोलायला स्पष्ट. त्या म्हणाल्या, ‘किडन्या निम्म्याने दमल्यात. जे गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते टिकवायचं. दिवसभर थोडं थोडं पाणी, तहान लागायची वाट बघायची नाही. आणि वाफेपासून दूर.’ मी विचारलं, ‘यांना साखर नाही, रक्तदाब नाही, मग असं कसं?’ त्या म्हणाल्या, ‘पूर्वी मीही हेच विचारायचे. आता माझ्याकडे असे कितीतरी येतात. भट्टीवरचे, शेतातले, गोदामातले. आजार काही नाही, फक्त उष्णतेतलं काम आणि कमी पाणी. असंच चाललं तर वर्षाभरात डायलिसिसच्या मशीनवर यावं लागेल.’

मशीन म्हणजे काय ते आत्यांना माहीत होतं. तरी त्यांनी ‘बरं’ म्हटलं. दारावर आलेल्या विक्रेत्याला वाटेला लावताना त्या म्हणतात, अगदी तसंच.

आठवड्याभरात बाई पुन्हा टेबलावर हजर. हा मोठा माल जाऊ दे, मग वाफेवरून उठते, असा वायदा. मी रोज सकाळी त्यांना मोठी बाटली भरून द्यायचे आणि संध्याकाळी ती रिकामी परत यायची. मी नवऱ्याला अभिमानाने सांगितलं, बघ, तुझी आई माझं ऐकते. तो हसला आणि म्हणाला, ‘खात्री करून घे.’ मुलगाच तो, ओळखून होता.

खात्री झाडाने करून दिली. अंगणाच्या कडेला कुंडीत एक झाड होतं. बॉयलरच्या धगीने वर्षानुवर्षं मान टाकून बसलेलं. त्याला अचानक तरतरीत कोवळी पानं फुटली. साहेबांनी तर माळ्याला शाबासकी दिली आणि माळ्याने ती घेतलीही. मी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खांबाआड उभी राहिले. आत्या आल्या, इकडेतिकडे बघितलं आणि सगळी बाटली त्या झाडाला घातली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी पोचेपर्यंत तोंड दाबून ठेवलं आणि दार लावताच सुटले.

‘आई, त्या झाडाच्या किडन्या छान झाल्यात हं!’

त्या ढिम्म. चप्पल काढली, पाय धुतले. ‘चोरून बघतेस होय?’

‘तुम्ही चोरून ओतता, मी चोरून बघते. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? मशीनवर जायचंय का?’

‘घरी पिते ना मी.’

‘घरी वाफ आहे का? तिथे का नाही पीत?’

आत्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, ‘ज्यांच्या हातातून मी बाटल्या काढून घेतल्या, त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने पिऊ? त्या म्हणतील, आत्या कच्च्या निघाल्या.’

‘म्हणू देत की!’

‘तुला नाही कळायचं,’ त्या म्हणाल्या आणि विषय संपवला. मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच मला भीती वाटत होती. त्यांचं आख्खं आयुष्य त्या टेबलावर उभं होतं. जिवावर बेतलं तरी मान सोडणार नाहीत अशी ही बाई, आणि मला ती हवी होती. भांडायला, ओरडायला, माझ्या घड्यांत खोट काढायला हवी होती. त्या रागात मी जेवलेही नाही.

पुढच्या तपासणीला मी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले. आता माझा त्यांच्या ‘बरं’वर विश्वास नव्हता. रक्त द्यायच्या खोलीकडे जाताना वाटेत मशीनची मोठी खोली लागते. दार उघडं होतं. पलंगापलंगाला मशीन, नळ्यांतून रक्त फिरतंय, माणसं छताकडे बघत पडलेली. आतून हाक आली, ‘आत्या!’

आम्ही आत गेलो. पहिल्यांदा मी ओळखलंच नाही. तिचे केस कानापर्यंत कापलेले होते. आत्यांनी ओळखलं.

‘वेणी?’

‘केस धुवायला त्राण राहत नाही, म्हणून कापून टाकले,’ ती हसत म्हणाली. चेहरा सुजलेला, पण हसू तेच. तिने खात्याची चौकशी केली, कुणाचं लग्न झालं, सुपरवायझर अजून तसाच आहे का. आत्या तिच्या हातातल्या नळीकडे बघत होत्या.

‘त्रास होतो का गं?’ आत्यांनी विचारलं.

‘होतो. पण एका बाबतीत मी सगळ्यांच्या पुढे आहे.’ वेणीने मान उचलली. ‘इथे आता पाणी मोजून प्यायचं असतं, आत्या. दिवसाला एवढंसंच. जास्त प्यायलं तर अंगात साचतं. बाकीचे तळमळतात, नर्सशी भांडतात, चोरून पितात. मला काहीच वाटत नाही. नर्स विचारते, तुला कसं जमतं? मी सांगते, आमच्या आत्यांनी शिकवलंय.’

ती खरंच कौतुकाने बोलत होती. टोमणा नव्हता त्यात, एवढासुद्धा नव्हता. तेच वाईट होतं. मी आत्यांचा दंड धरला, कारण मला वाटलं त्या पडतील. त्या पडल्या नाहीत. त्यांनी वेणीच्या कापलेल्या केसांवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला आणि ‘येते मी’ म्हणून बाहेर आल्या. बाहेरच्या बाकावर बसून त्या रडल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना रडताना पाहत होते. ‘माझ्यापेक्षा चांगली कॉलर काढायची ती,’ त्या म्हणाल्या. ‘तिची बाटली मी स्वतः काढून घेतली होती. निळं झाकण होतं तिला.’

मी त्यांना पाणी दिलं. त्या सगळं प्यायल्या.

घरी न जाता त्या मला बाजारात घेऊन गेल्या. शाळेच्या वस्तूंच्या दुकानात शिरल्या आणि नळी असलेल्या, गळ्यात अडकवायच्या लहान मुलांच्या बाटल्या दाखवायला सांगितल्या. मी म्हटलं, ‘आई, या कशाला?’ त्या म्हणाल्या, ‘उघड्या तोंडाच्या बाटलीतून शर्टावर सांडतं. नळीतून नाही सांडत. मी विचार केलाय.’ मग त्यांनी प्रत्येक बाटली हातात घेऊन नळी तपासली, इस्त्रीची वाफ तपासतात तशी. दुकानदाराने विचारलं, ‘शाळा आहे का तुमची?’ आत्या म्हणाल्या, ‘होय, मोठ्या बायकांची. सगळ्या नापास झाल्यात, बाईंसकट.’

दुसऱ्या दिवशी त्या आधी साहेबांकडे गेल्या. मला बरोबर नेलं, साक्षीदार म्हणून. आत कोंडलेली हवा, साहेबांच्या कपाळावर ओला रुमाल. आत्यांनी दोन गोष्टी मागितल्या. पाणी प्यायलं की जावं लागणार, तर ऑफिसशेजारचं बाथरूम इस्त्री खात्याला उघडं करा. आणि दुपारी ऊन चढलं की थोडा वेळ वाफ बंद.

साहेब म्हणाले, ‘आत्या, मी नाही म्हणत नाही. फक्त हा कंटेनर जाऊ द्या. आज खरेदीदारांची माणसं माल बघायला येतायत.’

‘कंटेनर काय साहेब, जातच असतो. एक गेला की दुसरा,’ आत्या म्हणाल्या. ‘मी खाली बसले त्या दिवशी खात्याचं काम किती झालं, विचारा सुपरवायझरला. सगळ्या माझ्याभोवती गोळा होऊन उभ्या होत्या. उद्या आणखी दोघी बसतील. मग जहाज काय रिकामं पाठवणार?’

साहेबांनी रुमाल कपाळावरून काढला. ‘परवा मलाही इथे बसल्या बसल्या चक्कर आली,’ ते म्हणाले. ‘घरी सांगितलं नाही.’ मग त्यांनी खणातून बाथरूमची किल्ली काढून टेबलावर ठेवली. ‘वाफेचं बघतो. बॉयलरवाल्याशी बोलतो.’

‘आणि हा माल गेला की मी वाफेवरून उठतेय. खिडकीपाशी बसून कॉलर तपासेन.’

‘तुम्ही उठलात तर आमचं कसं होणार?’

‘मी मेले असते तर कसं झालं असतं?’ आत्या किल्ली घेऊन निघाल्यासुद्धा.

पाळीच्या सुरुवातीला त्यांनी प्रत्येक टेबलाच्या हुकाला एकेक बाटली लटकवली. कुणावर ससा, कुणावर आगगाडी, सुपरवायझरच्या खुर्चीला गुलाबी मांजर. बायका हसून हसून बेजार. आत्यांनी सांगितलं, ‘आजपासून कोरडं टेबल बंद. पेडलवरून पाय काढला की एक घोट, असं दिवसभर.’ सगळ्यांनी माना हलवल्या.

आणि एकीनेही बाटलीला हात लावला नाही.

मी जाळीतून बघत होते. शर्ट होतायत, वाफ उठतेय, ऊन पत्र्यावर चढतंय, आणि ससे नि आगगाड्या आपल्या लोंबतायत. खरेदीदारांची दोन माणसं घाम पुसत खात्यातून फिरून गेली, बाटल्यांकडे बघून हसली आणि आमच्या पॅकिंगमध्ये येऊन उभी राहिली. जवळच्या टेबलावरची बाई शेजारणीला कुजबुजली ते मला ऐकू आलं. ‘हात नको लावूस. आत्या परीक्षा बघतायत. माल बघायला लोक आलेत, म्हणून.’

आत्यांनीही ऐकलं असावं. त्यांच्या टेबलावर नुकताच पुरा झालेला शर्ट होता, एकही चुणी नसलेला. त्यांनी इस्त्री हुकाला लावली. बाटली काढली, नळी तोंडात धरली आणि खात्याच्या मधोमध, त्या शर्टासमोर, पाणी प्यायला लागल्या. घाईघाईने पीत होत्या. सवय कुठे होती! मधेच ठसका लागला आणि तोंडातलं पाणी उडालं ते थेट शर्टाच्या छातीवर.

नुसता वाफेचा फुस्कारा. सगळ्या बायकांचे हात थांबले होते. आत्यांच्या टेबलावर डाग!

आत्यांनी खोकला आवरला, तोंड पुसलं आणि त्या ओल्या ठिकाणाकडे पाहिलं. मग चिठ्ठ्यांचा गठ्ठा मागवून घेतला, वरच्या चिठ्ठीवर आपला नंबर मोठ्या अक्षरांत लिहिला, शर्टाला टाचली आणि तो धुलाईच्या टोपलीत टाकला.

‘असं होतं,’ त्या खात्याकडे वळून म्हणाल्या, ‘आणि असं झालं की शर्ट धुतात. बाई धुऊन परत मिळत नाही. मी काल हॉस्पिटलात वेणीला मशीनवर बघून आलेय. तिला पाण्यावाचून राहायला मी शिकवलं. आता प्या.’

एकीने बाटली काढली, मग दुसरीने. मग सगळ्या खात्यातून नळ्यांचा सुरसुर आवाज यायला लागला. एरवी मी हसले असते. त्या दिवशी डोळे भरून आले, आणि माझ्या हातातल्या शर्टावर थेंब पडू नयेत म्हणून मी बाजूला वळले.

दुपारी वाफ बंद असताना धुलाई खात्याचा म्हातारा ती चिठ्ठी हातात घेऊन जिना चढून वर आला. धापा टाकत त्याने आत्यांचं टेबल गाठलं.

‘आत्या, यावर चुकून तुमचा नंबर पडलाय.’

‘चुकून नाही. माझाच आहे,’ आत्या म्हणाल्या आणि आपली बाटली त्याच्यापुढे धरली. ‘जिना चढून आलायस. आधी पाणी पी.’